घरचा कॉम्प्युटर ताळ्यावर आणताना: कामाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२५

मशीनची ओळख एकदाच देते. २०१७ मध्ये घेतलेला डेस्कटॉप, सातव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. वापरणारे तिघं. बाबा (ईमेल, बँक, पत्रं टाइप करणं), मी, आणि सुट्टीत आला की भाचा (गेम). मी काही या क्षेत्रातली नाही, नोकरीत एक्सेलच्या पुढे जात नाही, त्यामुळे जिथे चुकले तिथे चुकले असं सरळ लिहिलंय. पैशाचे आकडे देत नाही, ते सगळीकडे वेगळे असतात, पण काय काय विकत घ्यावं लागलं ते आणि वेळ किती गेला ते लिहिते.

१ नोव्हेंबर, शनिवार

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत ४ मिनिटं १० सेकंद, फोनवर स्टॉपवॉच लावून मोजलं. पण डेस्कटॉप दिसला म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला असं नाही, ब्राउझर उघडून त्यात काहीतरी टाइप करता यायला ९ मिनिटं लागली. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, आणि ते खाली यायचं नावच घेईना.

शिवाय उजव्या कोपऱ्यात खालून सारखे डबे वर येत होते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच स्कॅन करा". बाबा म्हणाले, "अगं, आठ दिवस झाले येतंय ते. व्हायरसच आहे." मलाही तेच वाटलं.

मग पहिली चूक. आधीपासून एक अँटीव्हायरस बसवलेला होता, त्याची मुदत संपून वर्ष झालं होतं, तो नुसता "रिन्यू करा" म्हणत बसायचा. तो न काढता मी दुसरा एक फुकटातला बसवला. आता दोघं एकमेकांच्या फायली तपासायला लागले, एकाने उघडली की दुसरा तीच उघडून बघतोय, आणि माउसचा बाणसुद्धा अडखळत हलायला लागला. फुल स्कॅन लावलं तर साडेसहा तास. निष्पन्न: शून्य व्हायरस. डबे चालूच.

२ नोव्हेंबर, रविवार

डबे व्हायरसचे नव्हतेच. ब्राउझर पूर्ण बंद केला की यायचे थांबतात हे सकाळी सहज लक्षात आलं, आणि तिथून उलगडलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन्स, आणि तिथे "परवानगी दिलेल्या" यादीत तीन अनोळखी साइट. तिन्ही काढल्या, डबे बंद. दोन मिनिटांचं काम, त्याच्यासाठी आदल्या दिवशीचे साडेसहा तास घालवले.

या साइट आत आल्या कशा म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "काही नाही गं, ते विचारतं तुम्ही रोबोट आहात का, आणि नसाल तर अलाऊ दाबा म्हणतं. मी रोबोट थोडाच आहे?" युक्ती हीच असते. अलाऊचं बटण रोबोट तपासायचं नसतंच, ते नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मागणारं असतं, वर फक्त वेगळं वाक्य लिहिलेलं असतं. आता ब्राउझरमध्ये "साइटना नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मागू देऊ नका" हा पर्यायच चालू करून टाकला, म्हणजे प्रश्न विचारलाच जाणार नाही.

एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघितली. सात होती, बाबांना त्यातलं एकही माहीत नव्हतं. पीडीएफ बनवून देतो म्हणणारं एक होतं, त्यानेच सर्च इंजिन बदलून ठेवलेलं. जाहिराती अडवणारं एक ठेवून बाकी सगळी काढली.

मग "प्रोग्रॅम काढा"ची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि इथे मात्र पोटात गोळा आला. लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक सॉफ्टवेअर बसवलेलं, विंडोजसोबत आपोआप सुरू होणारं, आणि त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला, म्हणजे इकडे कोणी "हो" म्हटलं नाही तरी तिकडून आत येता येईल असा. बाबा म्हणाले तीन वर्षांपूर्वी कोणीतरी प्रिंटर दुरुस्त करायला आला होता, त्याने टाकलं, परत गरज पडली तर घरबसल्या करून देतो म्हणाला. त्या माणसाच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तीन वर्षं आमच्या घराची किल्ली बाहेर होती आणि ती कुणाकुणाच्या हातात गेली हे कळायला काही मार्ग नाही.

ते काढलं. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर, त्याचं ऑफलाइन स्कॅन केलं (हे विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे विंडोजच्या आत लपलेलं काही असलं तरी ते चालू नसतं), पाऊण तास लागला, डाउनलोड्समधला एक फुकटा "क्लीनर" सोडून काही मिळालं नाही. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदलला, पण तो फोनवरून. ज्या मशीनवर संशय आहे त्याच मशीनवर बसून नवीन पासवर्ड टाइप करण्यात अर्थ नाही. ईमेलला टू-स्टेप चालू केलं आणि "सगळीकडून लॉग आउट" पण दाबलं, नाहीतर पासवर्ड बदलूनही जुनं लॉगिन चालू राहू शकतं.

या स्कॅनच्या आधी दोन्ही अँटीव्हायरस काढले होते. जुना सरळ निघेना, अनइन्स्टॉल केल्यावरही दोन सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारे भाग) मागे राहिल्या, शेवटी त्याच कंपनीचं काढून टाकायचं वेगळं टूल असतं ते उतरवून चालवलं. ते निघाल्या निघाल्या विंडोजचा डिफेंडर आपणहून जागा झाला. घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी कामावरून आले तर एकही साइट उघडत नव्हती. बँक नाही, ईमेल नाही, सगळीकडे इशारा, "कनेक्शन सुरक्षित नाही". रविवारी तो किल्लीचा प्रकार पाहिल्यामुळे माझ्या डोक्यात एकच, कोणीतरी मध्ये बसून ऐकतंय. राउटर बंद-चालू केला. ब्राउझर काढून परत बसवला, आणि काढताना "माहितीपण पुसा" या चौकोनात टिक केली, त्यात बाबांचे बारा वर्षांचे बुकमार्क गेले. सिंक (अकाउंटमध्ये प्रत ठेवायची सोय) चालू नव्हतं. तीन तास गेले.

मग इशारा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, "तुमचं घड्याळ मागे आहे". कोपऱ्यात बघितलं तर तारीख जानेवारी २०१७. साइटच्या सर्टिफिकेटला "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते, आमच्या कॉम्प्युटरच्या मते ती तारीख अजून उजाडायचीच होती, म्हणून जगातली प्रत्येक साइट खोटी.

कारण मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला होता. बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, त्यामुळे रात्रभर घड्याळ चालवायला तो सेल सोडून दुसरं काहीच नसतं. इंटरनेटवरून वेळ आपोआप लागायला हवी होती, पण फरक फारच मोठा असेल तर विंडोज ती वेळ घेत नाही, हातानेच लावावी लागते. सेलचं नाव सीआर२०३२, तीन व्होल्टचा, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. वायर काढून, कॅबिनेट उघडून, बाजूची छोटी पट्टी ढकलली की उडी मारून बाहेर येतो. माझा कॅबिनेटच्या तळाशी जाऊन पडला, तो शोधण्यात दहा मिनिटं.

बुकमार्क परत आले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

जाहिरातींचे डबे गेले, पण कॉम्प्युटर हळूच. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून बंद केले, चौदापैकी अकरा. सुरू व्हायला आता ३ मिनिटं २० सेकंद. टेम्प फायली, रिसायकल बिन, डिस्क क्लीनअप करून १९ जीबी मोकळे केले, त्याने वेग एक तसूभर वाढला नाही. डिस्क गच्च भरलेली असेल तर फरक पडतो, आमची निम्मी रिकामीच होती. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ करणारं काही वापरलं नाही आणि वापरू नका, त्याने वेग वाढलेला मी कुठेच पाहिला नाही, मोडलेलं मात्र पाहिलंय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट टूल चालवलं. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत करायला हवं होतं. पिवळा ठोकळा, सावधान. ०५ क्रमांकाच्या ओळीत (खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) १०, आणि सी५ च्या ओळीत (वाचता येत नाहीत, निकाल लागायचाय असे सेक्टर) ८. म्हणजे हळूपणाचं कारण व्हायरस नव्हता, विंडोज नव्हतं, डिस्क एकेक सेक्टर वाचायला परत परत धडपडत होती आणि बाकी सगळे तिच्यासाठी थांबलेले.

एक बारीक गोष्ट. हे आकडे ते टूल हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पायावर) दाखवतं, म्हणजे ०५ पुढचे १० खरे १६ होते. सेटिंगमध्ये दशमान निवडता येतं. ते माहीत नसताना आकडे बघून घाबरू नका, आणि निवांतही होऊ नका.

आणि यानंतर या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक. "डिस्क खराब असेल तर चेकडिस्क चालवा" एवढं कुठेतरी वाचलेलं, ते मी रात्री पूर्ण सेक्टर तपासणीसकट लावून दिलं आणि झोपले. बॅकअप न घेता.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी २७ टक्के. दुपारी दोनला संपलं, जवळपास १५ तास. परत आकडे बघितले तर सी५ ८ वरून ७२ वर. मरायला टेकलेल्या डिस्कला मी रात्रभर कानाकोपऱ्यापर्यंत पळवलं होतं. चेकडिस्क विंडोजच्या फायलींची मांडणी सुधारतं, डिस्कच्या पत्र्याला झालेली इजा नाही, आणि त्या तपासणीत प्रत्येक सेक्टर वाचला जातो. डिस्कचे उरलेले श्वास फायली बाहेर काढण्यात वापरायचे सोडून मी ते यात वापरले.

बाहेरची यूएसबी डिस्क आणली आणि कॉपी लावली. फोटो १४० जीबी. नेहमीच्या पद्धतीने ओढून टाकलं तर वाचता न येणारी फाइल आली की सगळं थांबतं, बराच वेळ विचार करतं, मग एरर, आणि पुढे कुठवर झालं होतं ते कळत नाही. म्हणून विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही कमांड घेतली, ती अडलेली फाइल सोडून पुढे जाते. जाते, पण सांगितलं तर! मी सांगितलं नाही. दीड तास ती एकाच व्हिडिओवर उभी. नंतर मदत वाचली तर कळलं, एखादी फाइल मिळाली नाही तर ती दर ३० सेकंदांनी परत प्रयत्न करते, आणि न सांगता प्रयत्नांची संख्या १० लाख धरते. ३ कोटी सेकंद, म्हणजे एका फायलीसाठी साधारण ३४७ दिवस. आर आणि डब्ल्यू हे दोन स्विच आहेत, दोन्हीला १ द्यायचं, म्हणजे एकदाच परत प्रयत्न आणि एकच सेकंद थांबणं. लॉग फाइलचा स्विचही लावा, नाहीतर काय राहिलं ते कळणार नाही. मिरर नावाचा स्विच मात्र मी मुद्दाम टाळला, तो मूळ जागी नसलेलं बॅकअपमधूनही पुसतो, आणि ज्या दिवशी घाईत दोन पत्ते उलटसुलट टाइप होतील त्या दिवशी सगळं जाईल.

रात्री साडेअकराला संपलं. ४१ हजारांवर फायली आल्या, ११ राहिल्या. त्यातल्या ७ माझ्या जुन्या फोनमध्ये सापडल्या. चार गेल्या, त्यात आईचा एक व्हिडिओ आहे. शनिवारी रात्री आधी कॉपी लावली असती तर वाचला असता की नाही, माहीत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बॅकअप उघडून तपासला, वेगळ्या लॅपटॉपला लावून. वर्षावर्षाचे फोल्डर, प्रत्येकातून पाचसहा फायली. बरं झालं तपासला, कारण "महत्त्वाचे कागद" या फोल्डरमध्ये नुसते शॉर्टकट निघाले, खऱ्या फायली बाबांनी डेस्कटॉपवर ठेवलेल्या आणि डेस्कटॉप मी कॉपीच केला नव्हता. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरचा प्रोफाइल फोल्डर आज घेतले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

५०० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) आली. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायचा बेत होता, तीनदा केली, तिन्ही वेळा ६० टक्क्यांच्या आसपास वाचता न आल्याने थांबली. सोडून दिलं. नवीन विंडोज टाकायचं ठरवलं, खरं तर त्या लांबून-चालवायच्या प्रकरणानंतर तेच बरं.

कुठलं विंडोज? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ टाकू म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये जाऊन, ११ ला लागणारं टीपीएम हे सुरक्षेचं अंग चालू केलं (इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं, ते शोधण्यातच अर्धा तास), आणि तपासायचं टूल चालवलं तर टीपीएमला हिरवी खूण आणि प्रोसेसरला लाल. ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे लागतात, सातव्या पिढीतले अगदी मोजकेच चालतात, आमचा त्यात नाही. आडमार्गाने टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेट मिळावेत म्हणूनच तर हा खटाटोप. बाबांना विंडोज सोडून लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर न्यायचा विचार केला, पण एकाच महिन्यात माणसाचे बुकमार्कपण घालवायचे आणि स्टार्ट बटणपण, हे जमलं नसतं. म्हणून विंडोज १० आणि त्यावर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. तोवर मशीनचं काय करायचं ते ठरवता येईल.

पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. इन्स्टॉल व्हायला २० मिनिटं. सुरू व्हायला १९ सेकंद! बाबांना हाक मारून तीनदा चालू करून दाखवलं.

मग जुनी डिस्क काढली, बटण दाबलं, तर काळा पडदा, बूट करायला काही सापडत नाही म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

कारण सकाळी कळलं. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. विंडोज एसएसडीवर गेलं, पण सुरुवात करून देणारा छोटा भाग इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवर आधीच होता तोच वापरला. म्हणजे घर नवीन आणि दाराची कडी जुन्या घराला. कमांड देऊन तो भाग एसएसडीवर बनवता येतो म्हणतात, मी दोन तास खटपट केली, जमलं नाही. शेवटी जुन्या डिस्कची केबल उपटली, पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू केला, एसएसडीवरचे सगळे पार्टिशन (पाडलेले भाग) उडवले आणि परत टाकलं. पाऊण तासात झालं. लायसन्सची काळजी होती, पण ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

वाढीव अपडेटची लिंक अपडेटच्या पानावर दिसेना. पेन ड्राइव्हवरचं विंडोज जुनं होतं, आधी सगळे अपडेट, तीन रीस्टार्ट, मग दिसली. आणि ती योजना घ्यायला मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं, तेही ॲडमिन असलेलं. म्हणून माझ्या अकाउंटने ॲडमिन केलं, त्यातून नोंदणी केली, आणि बाबांसाठी वेगळं साधं अकाउंट.

बाबांना ते पटलं नाही. "माझ्याच कॉम्प्युटरवर मला परवानगी मागावी लागणार?"

"बाबा, तुम्हाला नाही हो. तुमच्या नावाने जे काही आत शिरायला बघेल ना, त्याला."

"आणि तू घरी नसलीस तर?"

हा प्रश्न बरोबर होता. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवलाय, बाबांना कुठे ते माहितीये. लागला तर बघायचा, पण उठून कपाटापर्यंत जावं लागतं, तेवढ्यात विचार होतो. साध्या अकाउंटने सगळं थांबतं असंही नाही, काही प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये न विचारता बसतात, भाच्याच्या गेमच्या "मॉड"ने दिवाळीच्या सुट्टीत नेमकं तेच केलेलं. त्याला तिसरं अकाउंट.

आजवरचा हिशोब: साधारण ४२ तास, कॉम्प्युटर एकटाच चालत होता ते धरून. विकत आणलं ते एसएसडी, बाहेरची डिस्क, सेल. एसएसडी पहिल्याच शनिवारी लागली असती तर बहुतेक ८ तासांत आटोपलं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाबांचा निरोप, "माझी सगळी पत्रं बिघडली". उघडून बघितलं तर मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. फाइल शाबूत होती, फॉन्ट गायब होता. २०१७ च्या आधीची त्यांची सगळी पत्रं युनिकोडच्या (आजच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातल्या एका मराठी फॉन्टमध्ये आहेत, त्यात "क" म्हणून दिसतो तो आतून इंग्रजीच एखादं अक्षर असतो, फॉन्ट गेला की मुखवटा गेला. जुनी डिस्क फेकली नव्हती हे नशीब. यूएसबीला लावून तिच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून त्या दोन फायली काढल्या, उजवी क्लिक करून इन्स्टॉल, पत्रं परत. ज्यांच्या घरी जुनं मराठी टायपिंग आहे त्यांनी बॅकअप घेताना फॉन्ट्सचं फोल्डर आधी उचला. पत्रांच्या पीडीएफपण करून ठेवल्या, त्यात फॉन्ट आतच बसवला जातो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पंखा विमानासारखा ओरडत होता. तापमान बघितलं, व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर ९४ अंश. कॅबिनेट उघडलं तर कूलरच्या पात्यांमध्ये धुळीची गादी. हवेचा डबा आणि मऊ ब्रश. फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

कूलर काढलाय तर प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पण बदलू म्हटलं. जुनी वाळून खडू झालेली, पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवीन लावली. परत बसवताना चार खुंट्या असतात, कर्णाने समोरासमोरच्या दाबायच्या आणि प्रत्येकीचा टक असा आवाज यायला हवा. तीन वाजल्या. चौथी वाजली असं मी मानून घेतलं. चालू केल्यावर मिनिटाभरात १०० अंश आणि फटकन बंद. परत उघडलं, बोर्डाच्या मागून बघितलं तर ती खुंटी आरपार आलीच नव्हती. नीट बसवल्यावर तोच व्हिडिओ, ६८ अंश, आणि पंखा चालू आहे का ते कान लावून बघावं लागतंय.

कॅबिनेट उघडायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये सहज बघितलं होतं, अप टाइम (शेवटच्या पूर्ण सुरुवातीपासूनचा वेळ) ५ दिवसांच्या वर. बाबा तर रोज रात्री बंद करतात! विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे खरं अर्धी झोप, आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. पूर्ण ताजं फक्त रीस्टार्टने होतं. एसएसडीवर त्याची गरजही नाही, पॉवर ऑप्शन्समधून बंद केलं. सुरू व्हायला १९ चे २२ सेकंद झाले, चालेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

राउटर. बसवला तेव्हापासून ॲडमिनचा पासवर्ड खालच्या स्टिकरवरचाच. बदलला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफायला जोडायची सोय) बंद, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं. वायफायचा पासवर्ड बदलल्यावर प्रिंटर तुटला, त्याला जोडण्यात सव्वा तास, कारण त्याच्या दोन बटणांवर पासवर्ड टाइप करायचा असतो.

पासवर्डचा विषय. बाबांचा एकच पासवर्ड सहा ठिकाणी होता. पासवर्ड मॅनेजर दाखवला, त्यांना झेपेना, मी ओढाताण केली नाही. सहा वेगळे लांब पासवर्ड त्यांच्या वहीत लिहिलेत. वहीला लोक हसतात, पण घरातली वही वाचायला चोराला घरात यावं लागतं, आणि एकाच पासवर्डची गळती झाली तर सहाही दारं उघडतात. वहीत बँकेचा मात्र नाही, तो त्यांना पाठ आहे.

"हे अपडेट सारखे कशाला?" असं विचारल्यावर मी वॉनाक्रायचं उदाहरण दिलं. १२ मे २०१७ ला ते पसरलं, फायलींना कुलूप लावून पैसे मागायचं, आणि ज्या भोकातून ते शिरत होतं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिला होता. "म्हणजे ज्यांनी दोन महिने पुढे ढकललं ते अडकले," बाबा. हो, तेच.

त्यावरून आठवलं, बॅकअपची डिस्क मी पंधरा दिवस कॉम्प्युटरला लावूनच ठेवली होती. असं काही आलं असतं तर जोडलेल्या डिस्कलाही तेच कुलूप बसलं असतं. काढली. आता दर रविवारी लावायची, कॉपी, काढायची. फोटोंची दुसरी प्रत ताईकडे.

३० नोव्हेंबर, रविवार

चौथा बॅकअप. लॉगमध्ये शून्य अडलेल्या फायली. एक पत्र आणि एक फोटो मुद्दाम बॅकअपमधून उघडून बघितला. एसएसडीची तब्येत १०० टक्के, जुन्या डिस्कचा सी५ आता १०४, तिच्यावर "वापरू नये" अशी चिकटपट्टी लावून कपाटात ठेवलीये, आईच्या व्हिडिओचा अजून एकदा प्रयत्न करायचाय.

बाबांनी बुकमार्क परत जमवायला घेतलेत, वहीच्या मागच्या पानावर आठवतील तशी नावं लिहितात आणि मी शोधून देते. एकोणीस झालेत. प्रिंटरचं स्कॅनिंग अजून चालत नाही, ते पुढच्या रविवारी.